खुलभर दुधाचा हिशेब

चातुर्मासातील कहाण्यांची लहानशी पोथी ज्या घरात नाही, असे घर आमच्या वाचकवर्गात विरळाच असेल. श्रावणी सोमवारी त्या पोथीतून वाचली जाणारी खुलभर दुधाची कहाणी सर्वांच्या परिचयाची आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे एका शिवभक्त राजाच्या मनात आले. नगरात दवंडी पिटली गेली आणि राजाज्ञेच्या धाकाने घरोघरचे झाडून सारे दूध देवळात गेले. वासरांना पान्हा मिळाला नाही, तान्ह्या मुलांच्या मुखी थेंब पडला नाही. आणि एवढे करूनही गाभारा काही भरला नाही. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरची कामे आटोपली होती, मुलाबाळांना जेवू घातले होते, गाईवासरांना चारा घातला होता आणि मग उरलेले खुलभर दूध घेऊन ती देवळाची वाट चालू लागली होती. तिने ते दूध वाहिले आणि गाभारा काठोकाठ भरला.

ही कहाणी भक्तीची आहे, यात शंका नाही. परंतु ती हिशेबाचीही आहे, हे सहसा कोणी बोलत नाही. म्हातारीने देवासाठी मुलांच्या तोंडचे काढले नाही, शेजारणीकडून उसने आणले नाही, आणि घरच्यांचे भागले म्हणून ती देवाला विसरलीही नाही. आधी कोण आणि नंतर कोण, हा क्रम तिला पक्का ठाऊक होता. काटकसर या शब्दाचा याहून नेमका अर्थ आम्हांस तरी माहीत नाही. कवडीचुंबक माणूस घरच्यांना देत नाही आणि देवालाही देत नाही. उधळ्या माणसाचे हात मोकळे दिसतात, पण तो देवाच्या नावाने घरच्यांचेच काढून घेत असतो.

गणेशोत्सवाच्या तोंडावर श्रावणातली कहाणी आम्ही काढली, याला कारण आहे. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या मुंबईच्या जुन्या मराठी वस्तीत घरचा गणपती बसविणे ही गोष्ट पैशाच्या दृष्टीने दिवसेंदिवस जड होत चालली आहे. मूर्ती गेल्या वर्षीपेक्षा एका वितीने मोठी हवी, मखर तयार मिळते ते हवे, रोषणाई हवी, आल्यागेल्याला द्यावयाचा प्रसाद मिठाईच्या नामांकित दुकानातला हवा. हा सारा खर्च ज्यांना सहज झेपतो त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्यांना तो झेपत नाही अशी घरेही तो करीत आहेत, प्रसंगी हप्त्यांवर करीत आहेत आणि दिवाळी उलटून गेली तरी भाद्रपदाचे देणे फेडीत आहेत. दवंडी पिटणारा राजा आज नाही. ती दवंडी आपण एकमेकांच्या घरची आरास पाहून स्वतःच ऐकतो.

या वस्तीचा उत्सव असा महाग कधीच नव्हता. आज मोठमोठ्या मूर्तींसाठी ओळखला जाणारा हा भाग एकेकाळी कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त देखणा उत्सव करण्यासाठी ओळखला जाई. दहा बाय बाराची खोली, तिच्यात सहा-सात माणसे, कोपऱ्यात मोरी आणि भिंतीला टेकून उभी केलेली अंथरुणाची वळकटी. एवढ्या जागेत गणपती बसवायचा म्हणजे आधी त्याच्यासाठी जागा करावी लागे, मग आरास. कपाट गॅलरीत जाई, माणसे शेजाऱ्याच्या खोलीत झोपावयास जात. आरास मात्र घरचीच होई. जुन्या खोक्याचा पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, घोटीव कागद, चहाच्या पेटीतला जपून ठेवलेला चंदेरी कागद आणि हे सारे चिकटविण्यासाठी गव्हाच्या पिठाची घरी शिजविलेली खळ. खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालावयाचे, ही विद्या चाळीतल्या प्रत्येक मुलास अवगत असे. गिरणीतला एखादा फिटर रात्रपाळी करून आला की सायकलच्या जुन्या चाकाला दोरी लावून गणपतीमागचे चक्र फिरते करून देई. लागणारा पैसा थोडा आणि वेळ पुष्कळ. तो वेळ घरातली सर्व माणसे मिळून देत, म्हणून त्या मखरात कोणाचा हात कोठे लागला आहे हे मूर्ती उठेपर्यंत सर्वांना ठाऊक असे.

गोव्यात आणि तळकोकणात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानफळे, काकड्या, दोडकी, नारळ, सुपारीचे घड आणि औषधी वेली बांधण्याची चाल आहे. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. भाद्रपदात रानात आणि परसात जे पिकले ते देवाच्या डोक्यावर छत म्हणून धरावयाचे, इतकी ती साधी आहे. गिरणगावातल्या कोकणी कुटुंबांना परस नव्हते, रान नव्हते. तरी भाजीबाजारातून आणलेली चार काकड्या-कवंडळे आडव्या काठीला बांधून त्यांनी ती आठवण चाळीच्या खोलीत राखली. आजही दादर स्थानकाबाहेर चतुर्थीच्या आदल्या दिवसांत पालघर, जव्हारकडच्या आदिवासी बाया रानातून खुडून आणलेली पत्री, दूर्वा, तेरडा, आंब्याचे डहाळे घेऊन बसतात. मुंबईतल्या हजारो घरांतली पूजा त्यांच्या त्या टोपल्यांवर चालते. हजारोंची रोषणाई उचलून आलेला गृहस्थ त्या बाईशी दूर्वांच्या जुडीसाठी पाच रुपयांची घासाघीस करतो, तेव्हा आम्हांस मान खाली घालावीशी वाटते.

मध्यंतरी थर्माकोल आला आणि खळ, कामट्या, घोटीव कागद हे सारे एका झपाट्यात मागे पडले. हलका, पांढराशुभ्र, वाटेल तसा कापता येणारा. त्याचे मंदिर करा, महाल करा, कैलास करा. दहा दिवसांनी तो कैलास कचऱ्याच्या ढिगावर अथवा समुद्राच्या लाटांवर दिसू लागला. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकसोबत त्याच्यावरही बंदी घातली. बंदीचे आम्ही त्या वेळीही स्वागत केले असते आणि आजही करतो. तथापि थर्माकोलच्या जागी आता घडीची कापडी आणि कागदी मखरे विकत येऊ लागली आहेत. ती पर्यावरणास कमी घातक असतील. पण घरातल्या मुलाच्या हाती कात्री आणि खळ पुन्हा आली, असे काही घडलेले नाही.

साधेपणाचा दाखला शोधावयास फार दूर जावे लागत नाही. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मुंबईतल्या अगदी पहिल्या उत्सवांत त्याची गणना होते. १९०१ साली लोकमान्य टिळक तेथे आले होते. एवढा मान असलेल्या या उत्सवाने मूर्ती मात्र शाडूचीच ठेवली, लहानच ठेवली आणि देवाला पालखीतून न्यावयाची आपली रीत राखली. इतिहासाने मोठे असूनही आकाराने लहान राहता येते, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी खाडिलकर मार्गावर एकदा जाऊन दर्शन घेऊन यावे. लालबागच्या बाजारात १९३४ साली बसलेला गणपतीही कोळी आणि फिरते विक्रेते यांच्या नवसाचा होता. बाजाराला हक्काची जागा मिळाली म्हणून पोटावर हात असणाऱ्यांनी फेडलेला तो नवस होता, हे आजच्या दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या कितीजणांच्या ध्यानी असेल?

आता नैवेद्याकडे वळू. कारण खरा ओढा तिकडेच आहे.

उकडीचे मोदक हा श्रीमंती पदार्थ आहे असा एक नवाच समज अलीकडे रूढ झाला आहे. दादरच्या दुकानांपुढे चतुर्थीच्या सकाळी मोदकांसाठी लागणारी रांग पाहिली म्हणजे तसे वाटणे साहजिक आहे. वस्तुतः त्यात आहे काय? तांदूळ, नारळ आणि गूळ. एकवीस मोदकांना दोन मध्यम नारळ, दोन वाट्यांच्या आसपास गूळ आणि दोन-अडीच वाट्या तांदळाची पिठी पुरते. त्यावर वेलदोड्याची चिमूट आणि वाढताना तुपाची धार. कोकणातल्या माणसाच्या दारात नारळ होता आणि शेतात तांदूळ होता; गूळ तेवढा वाण्याकडून यावयाचा. देवाचा सर्वांत आवडता म्हणून सांगितलेला पदार्थ घरात असलेल्या जिनसांतूनच घडविलेला आहे. त्यात महाग असेल तर हात. पिठी इतकेच पाणी घेऊन, त्यात मीठ आणि लोण्याचा गोळा घालून उकड काढणे, ती गरम असतानाच तेलापाण्याच्या हाताने मळणे, पारी कडेला पातळ आणि तळाशी किंचित जाड ठेवणे, कळ्या चिमटीत धरून त्या न फाटता मिटविणे, हे दुकानातल्या साच्याला जमत नाही. साचा मोदकाचा आकार देतो. कळ्या मात्र मोजून घ्या, प्रत्येक मोदकाला सारख्याच असतील.

आणि या कामात वाया काय जाते? उकड उरली तर तिच्यात मिरची, जिरे, मीठ घालून निवगऱ्या वाफवितात. मोदकांहून त्यांनाच जास्त मागणी असलेली घरे आम्ही पाहिली आहेत. सारण उरले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या करंज्या. नारळाचे पाणी मुलांना. काथ्या भांडी घासावयास. करवंटीला काठी बसवून डवला करावा, किंवा ती चुलीत सारावी. मुंबईत चूल राहिली नाही म्हणून करवंटी कचऱ्यात जाऊ लागली, हा आपला नाइलाज. बाकीचे सारे आजही जसेच्या तसे करता येते.

हीच रीत रोजच्या स्वयंपाकात होती. दोडका किसताना निघालेल्या शिरांची तिळाबरोबर परतलेली चटणी, दुधीच्या सालीची चटणी, अळूच्या देठांची देठी, वाळवून राखेत अथवा मातीत ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, रात्रीच्या भाताचा सकाळचा फोडणीचा भात, शिळ्या पोळीचा कुस्करा. यांतला एकही पदार्थ दारिद्र्याची खूण म्हणून कोणी खात नसे. उलट दोडक्याची भाजी टाकून शिरांची चटणी मागणारे पाहुणे असत. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली मुंबईत ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ सिद्ध केला. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले. वाटी आणि चमचा या घरातल्याच मापांनी बोलणारे हे पुस्तक नव्या संसाराच्या रुखवतात ठेवले जाऊ लागले. नवीन लग्न होऊन एका खोलीत संसार थाटणाऱ्या मुलीला, जवळ सासू नसताना, स्वयंपाकघरातले प्रमाण सांगणारे वडीलधारे माणूसच जणू मिळाले. प्रमाण कळणे ही काटकसरीची पहिली पायरी आहे. किती माणसांना किती लागेल याचा अंदाज ज्या हाताला नाही, त्याच्या घरी अन्न उरते तरी किंवा कमी तरी पडते.

कापडाचेही तसेच. नऊवारी लुगडे नेसून नेसून मऊ झाले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की तिच्या धडशा तुकड्यांचे बाळासाठी दुपटे. अगदी शेवटी उरलेली स्वच्छ सुती पट्टी पिळून, तुपात भिजवून काकड आरतीचा काकडा. देवापुढची समईची वात, निरांजनातली फुलवात, हळदकुंकवाची बोटे लावलेले कापसाचे वस्त्र, हे सारे दुपारच्या फावल्या वेळात घरातली वडील बाई सरकी काढून, पिंजून, तळहातावर वळून करी. चातुर्मासात लाख वातींचा नेम धरणाऱ्या बायका त्या लाख वाती स्वतःच वळीत. आता कापसाची वस्त्रे पाकिटात मिळतात. घेऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या घरात आजी आहे आणि तिचे हात अजून चालतात, त्या घराने तरी पाकीट आणू नये. दृष्टी मंदावलेल्या बाईलाही वात वळता येते, आणि घरातल्या देवासाठी आपले काही काम उरले आहे ही जाणीव त्या वयात औषधाइतकीच लागते.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. या दिवशी बैलाच्या श्रमाने पिकलेले खावयाचे नाही, असा दंडक आहे. म्हणून ऋषीच्या भाजीत अळू, माठ, सुरण, भोपळा, पडवळ, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे असे परसात वा कुंपणावर आपोआप आलेले सारे एकत्र शिजते. तेल नाही, फोडणी नाही, मसाला नाही. नांगरटीवाचून उगवलेला देवभात मिळाला तर सोबत तो. आमच्या मते आपल्या सणांतले हे सर्वांत थोर जेवण आहे. पोटात जाणाऱ्या घासामागे कोणाचे कष्ट आहेत, हे वर्षातून एक दिवस तरी आठवून पाहावे, असे सांगणारा दुसरा सण आम्हांस आठवत नाही. आता हीच भाजी निवडून, चिरून, पिशवीत भरून दादरच्या मंडईत चांगल्या चढ्या भावाने विकली जाते. परसातले फुकट ते सर्वांत महाग व्हावे, हा काळाचा महिमा.

परंतु आमचे म्हणणे वेगळेच आहे. ऋषिपंचमीला बैलाला सुट्टी मिळते. भाजी निवडणारीला मिळत नाही. घरच्या अन्नाचे, हातच्या आराशीचे, काटकसरीच्या संसाराचे गोडवे गाणारे लेख दर वर्षी उत्सवात छापले जातात. ते लिहिणारे बहुधा पुरुष असतात आणि मोदक वळणाऱ्या बहुधा बायका. आदल्या रात्री नारळ खोवून, पहाटे उठून सोवळ्यात उकड काढून, वीस-पंचवीस पाने वाढून शेवटी उरल्यासुरल्यावर जेवावयास बसणारी गृहिणी या गोडव्यांत कोठेच दिसत नाही. तिची नोकरी आहे, तिला सकाळची लोकल गाठावयाची आहे, संध्याकाळी पुन्हा आरतीला घर भरणार आहे. तिने नैवेद्य बाहेरून आणला तर देवाला तो चालणार नाही, असे तिला ऐकविणारे शास्त्री घरोघर निघतात. खुलभर दुधाच्या म्हातारीने देवळाकडे निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांची तहानभूक पाहिली होती. त्या सगळ्यांत घरची बाई येत नाही काय?

या प्रश्नाचे उत्तर गिरगाव-परळच्या बायकांनी फार पूर्वी आपल्या परीने दिलेले आहे, आणि ते उत्तर स्वयंपाकघरातूनच आलेले आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशीचे उत्पादन चार पाकिटे. तोटा झाला तरी कोणाकडून देणगी घ्यावयाची नाही, असे त्यांनी ठरविले होते. श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या नावाने ती संस्था पुढे देशभर पसरली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालणे हे तोवर प्रत्येक घरचे काम होते. त्या कामाला मोल आहे, एवढेच या सातजणींनी ओळखले.

परळ-लालबागची गोष्ट याहून कष्टाची. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार एकटा राही आणि खानावळवाल्या बाईकडे जेवी. एकेक बाई आपल्या खोलीतल्या एका चुलीवर दहा-वीस कामगारांचे दोन वेळचे शिजवी. पैसे महिन्याच्या पगाराला मिळत, तोवर वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे दागिना. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या दारी आणले. तारण ठेवावयास त्यांच्यापाशी हाताच्या चवीखेरीज काही नव्हते. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले असंख्य पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. भोंगे थांबले, पगार थांबले. तेव्हा या भागातली किती घरे बाईने लाटलेल्या पोळीवर आणि भाजून कुटलेल्या मसाल्यावर तगली, हे लालबागच्या जुन्या रहिवाशांना विचारावे. त्या वर्षींही घरोघर गणपती बसलेच. मूर्ती लहान झाली, नैवेद्याला नारळ-साखर आली, काही घरी नुसता गूळ-खोबरे आले. देव रागावल्याचे कोणी ऐकले नाही.

आणि त्याच्याही आधी, १९७२ साली महागाईने कहर केला तेव्हा मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका हाती लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. पुरणपोळी लाटणारे लाटणे मंत्र्यापुढे धरण्यात त्यांना काही विसंगत वाटले नाही. घरातला हिशेब बाई ठेवते, तेव्हा तो चुकविणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकारही तिचाच.

तेव्हा नैवेद्य विकत आणावा की नाही, या वादात आमचे मत असे. वेळ नसेल, प्रकृती नसेल, तर जरूर आणावा. पण तो हाताने करणाऱ्या माणसाकडून आणावा. आपल्याच चाळीत, आपल्याच गल्लीत मोदक वळून देणारी एखादी बाई असते, पोळ्या करून देणारी असते. संप झाला तेव्हा अशाच बायांच्या घरी चूल पेटती राहिली. तिच्याकडे आठ दिवस आधी मागणी द्यावी, भाव करू नये, आणि मोदक न्यावयास जाताना तिच्या गणपतीला दोन फुले घेऊन जावे. ते अन्न घरचेच आहे. फक्त घर शेजारचे आहे. मूर्तीचेही तसेच: लहान शाडूची मूर्ती घडविणाऱ्या मूर्तिकाराला तिचा योग्य मोबदला द्यावा आणि रोषणाईवर कात्री चालवावी. काही वाचक म्हणतील, की झगमगाटावरही कित्येकांची पोटे चालतात. चालतात, हे खरे. पण पैसा एकच आहे. तो कारखान्याच्या साच्याकडे जाईल की माणसाच्या बोटांकडे, एवढे ठरविणे आपल्या हाती आहे.

आणि वेळ असेल, घरीच करावयाचे असेल, तर पाटावर एकटी बाई बसलेली आम्हांस पाहावयाची नाही. नारळ खोवण्याला पुरुषाच्या मनगटाची कोणतीही अडचण नसते. उकड मळण्याला तर जोरच लागतो. कळ्या पाडणे आठ-दहा वर्षांच्या मुलाला दोन-तीन वर्षांत उत्तम जमते. पहिल्या वर्षीचे त्याचे मोदक सुपारीसारखे दिसले तरी ते ताटात पुढे मांडावेत. पाने वाढावयास पुरुषांनी उभे राहावे आणि करणाऱ्या बाईने पहिल्या पंगतीत बसावे. ही रीत कोणत्या पोथीत आहे, असे कोणी विचारील. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ आणि पाणी या चारच गोष्टी भगवंतांनी मागितल्या आहेत. कोणी वाढावे आणि कोणी आधी जेवावे याविषयी त्यांनी काही अट घातलेली नाही.

गौरी आल्या की पहिल्या संध्याकाळी त्यांना भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवितात. कोकणस्थांकडे नळाकाठून वेचलेले पाच-सात खडे, इतरत्र तेरड्याची रोपे, कोठे मुखवटे. प्रत्येक घरची रीत निराळी, पण प्रवासाहून दमून आलेल्या माहेरवाशिणीला आधी साधे जेवू घालावे ही समज सगळीकडे सारखी. पुरणपोळी, घावन-घाटले यांचा थाट दुसऱ्या दिवशी. काही घरी तिखटाचाही.

आज गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. चाळी पाडल्या जात आहेत आणि त्यांतली माणसे विरार, बदलापूर, कल्याणपलीकडे गेली आहेत. तरी चतुर्थीला कित्येकजण पिशव्या घेऊन गिरगावात, लालबागेत परत येतात, कारण वडिलार्जित गणपती अद्याप तेथेच बसतो. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने या उत्सवाला राज्यमहोत्सव म्हणून घोषित केले. मानाची गोष्ट आहे. शासकीय दिमाख त्याला आता लाभेल. खुलभर दूध मात्र ज्याच्या त्याच्या घरूनच यावे लागेल.

या वर्षी ज्यांना काही करून पाहावयाचे असेल त्यांनी चतुर्थीच्या आधीच्या रविवारी घरातली खोकी, जुने रंगीत कागद, साडीचे काठ एकत्र काढावेत आणि मुलांपुढे टाकावेत. खळीसाठी दोन चमचे कणीक पुरते. खर्चाची मर्यादा आधी कागदावर लिहावी आणि घरातल्या सर्वांना वाचून दाखवावी. तिच्यात शाळेची फी, आजारी माणसाचे औषध, घरकामाला येणाऱ्या बाईचा सणाचा हात हे आधी लिहावे, आरास शेवटी. विसर्जनाच्या दिवशी आपण देवाबरोबर शिदोरी म्हणून दहीपोहे देतो आणि आल्यागेल्याच्या हातावर वाटली डाळ ठेवतो. भिजविलेली हरभऱ्याची डाळ, मिरची, फोडणी, वर लिंबू आणि ओले खोबरे. डाळ सकाळीच भिजत घालावी; मिरवणूक निघेपर्यंत वाटून, परतून तयार होते.